जांबोटीला कॅमेरा घेऊन धावण्याआधी आपलं घरामागचं परडं बघितलंय का?

शहापूरकर
पाऊस लागला की बेळगावातले कॅमेरेवाले जांबोटी, आंबोली, गोकाक अशी वाट धरतात. माझं मत, नव्यानं शिकणाऱ्यानं पहिला पावसाळा परड्यातच काढावा. धबधब्यावर तासभर मिळतो, असेल त्या उजेडात भागवायचं. परड्यात तीच अळूची पानं सकाळी, ढगाखाली, पाऊस उघडल्यावर परत परत काढता येतात. वस्तू तीच असल्यामुळं उजेडानं काय केलं ते लगेच कळतं. मोबाईलच्या प्रो मोडमध्ये (जिथं सेटिंग आपल्या हातानं बदलता येतं) शटर १/१००० सेकंदावर ठेवा, पागोळ्यांचे सुटे थेंब दिसतील. १/१५ ला त्यांच्याच रेघा होतात. आणि कौलातून येणारे कवडसे! फट बारीक असली की तिचा आकार कसाही असो, जमिनीवर कवडसा गोलसरच पडतो, कारण ती सूर्याची प्रतिमा असते. २६ डिसेंबर २०१९ च्या ग्रहणात आपल्याकडे तेच कवडसे चंद्रकोरीसारखे झाले होते. कॅमेरा कसा चालतो ते यापेक्षा सोपं कोण शिकवणार?

खानापूरवाला
अजिबात पटत नाही. अशा प्रयोगांत माणूस थेंब आणि मुंगळ्यातच अडकतो. बारीक वस्तू मोठी दिसावी म्हणून लेन्स उलटी लाव, लेन्समागं रिंगा जोड, फोटो मात्र जगात कुठंही निघेल असा. इकडं कौलारू घरं उतरवून स्लॅब पडतायत. ती आत्ता टिपली नाहीत तर परत मिळणार नाहीत. अळू पुढच्या वर्षीही उगवेल की हो!

निपाणीची
दादा, कॅमेरा गळ्यात घालून गावभर फिरणं सगळ्यांना जमतं काय? माझ्याकडं मोबाईल आहे आणि सोप्यातली उत्तरेची खिडकी. तिथं थेट ऊन फारसं येत नाही, उजेड मऊ आणि दिवसभर जवळजवळ सारखा. मागं काळं घोंगडं टांगलं, सावलीच्या बाजूला उजेड परतवायला पांढरं धोतर धरलं. आजी तांदूळ निवडत होती. हातावरची शीर न् शीर आली. तुम्ही म्हणता ते गाव या घरातच आहे की.

खानापूरवाला
वैनी, तो फोटो मान्य. पण त्यात आजी आहे म्हणून. उलट्या लेन्सचं त्यात काय? शिवाय आमच्याकडच्या दमट हवेत लेन्स अशी उघडी ठेवली तर बुरशी धरते.

शहापूरकर
बुरशीचं खरं. काम झालं की लेन्स ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट डब्यात ठेवायची. पण उलट्या लेन्सचा उपयोग आहेच. इतक्या जवळून फोकसची खोली, म्हणजे स्पष्ट दिसणारा भाग, मिलिमीटरभर उरते, श्वास घेतला तरी मुंगळ्याचा डोळा फोकसमधून निसटतो. तिथं हात बसलेला माणूस तुमच्या अंधाऱ्या माजघरात १/१५ वरही स्थिर फोटो काढेल. जुनी घरं टिपायचीत ना? त्या घरांत उजेड तेवढाच असतो.

खानापूरवाला
हात घरी बसवा, हरकत नाही. पण अख्खा पावसाळा नको. आमच्या गल्लीतलं एक घर दिवाळीनंतर उतरवणार आहेत, त्याच्या आधी या.