मदत हवी आहे: कमी पण टिकाऊ कपडे, नागपूरच्या उन्हाळ्यासाठी

नमस्कार मंडळी. यंदा सेलमध्ये दिसेल ते उचलायचं नाही, असं ठरवलंय. रोज ऑफिसला घालता येतील असे मोजकेच कुर्ते आणि दोन-तीन चांगल्या सलवारी, सगळं एकमेकांवर चालेल अशा रंगांत. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, त्यामुळे सुतीच हवं.

अडचण कापड ओळखण्याची आहे. सीताबर्डीला "प्युअर कॉटन" म्हणून दाखवतात त्यात बरंच रेयॉन असतं. धागा जाळून पाहिला तर पॉलिस्टर लगेच कळतं, वितळून त्याची कडक गुठळी होते. पण रेयॉन सुतासारखंच जळतं, कागदासारखा वास आणि मऊ राख. ओलं झालं की मात्र ते कमजोर पडतं, त्यामुळे वारंवार धुण्यात टिकत नाही. दुकानात उभ्या उभ्या हा फरक कसा ओळखता?

दुसरं, गांधीबागेतून मीटरवर कापड घेऊन शिवून घ्यावं असं वाटतंय. शिवण्याआधी कापड रात्रभर भिजवणार आहेच, म्हणजे नंतर आटायला नको. पण आत भरपूर माया (शिलाईच्या आतलं जादा कापड) सोडणारा, खिसा मागितला तर कुरकुर न करणारा टेलर धरमपेठ किंवा महाल भागात कुणाला माहीत आहे का? चांगल्या शिलाईला जास्त पैसे द्यायची माझी तयारी आहे.

आणि भंडाऱ्याकडची टसर रेशमाची करवतकाठी साडी (काठावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असते ती) थेट विणकरांकडून कुणी घेतली असेल तर तेही सांगा. ती एकच घ्यायची आहे, पण अस्सल.