बटण दाबताच पंखे अर्धा फेरा फिरून थांबतात. डेस्कटॉप सुरू होत नाही

प्रश्न

माझा डेस्कटॉप संगणक रात्री नेहमीप्रमाणे बंद केला होता. सकाळी मात्र तो सुरूच होईना. पुढचे बटण दाबले की कॅबिनेटमधले पंखे जेमतेम अर्धा फेरा फिरतात, आतून बारीक ‘टक्’ असा आवाज येतो आणि सगळे थांबते. त्यानंतर बटण कितीही वेळा दाबले तरी काहीच होत नाही. मागचा स्विच बंद करून थोड्या वेळाने पुन्हा चालू केला, तरच तो अर्धा फेरा परत पाहायला मिळतो. मॉनिटर कोरा राहतो आणि बीपही ऐकू येत नाही. मदरबोर्डवरचा एक छोटा दिवा मात्र वीज जोडल्याबरोबर लागतो.

संगणक काही वर्षे जुना आहे. अलीकडे त्यात नवा भाग बसवलेला नाही, की आत कसली हलवाहलव केलेली नाही. ओळखीच्या एकाने एसएमपीएस (संगणकाच्या भागांना वीज पुरवणारा डबा) बदलायला सांगितले, तर दुसऱ्याने मदरबोर्ड गेला असे छातीठोकपणे सांगितले. यांपैकी काहीही विकत घेण्यापूर्वी दोष नेमका कुठे आहे, हे घरच्या घरी ठरवता येईल का? माझ्याकडे साधा मल्टिमीटर आणि स्क्रूड्रायव्हर आहे. हार्ड डिस्कवर कामाच्या फायली आहेत, त्यांची काळजी वेगळीच.

उत्तर १

तुम्ही लक्षणे नीट टिपली आहेत, त्यामुळे अर्धे काम सोपे झाले आहे. संगणक ‘सुरू होत नाही’ असे आपण सरसकट म्हणतो, पण त्यात निदान तीन वेगळे प्रकार असतात. बटण दाबूनही काहीच न होणे हा एक, पंखे फिरत राहूनही पडद्यावर काही न येणे हा दुसरा, आणि क्षणभर सुरू होऊन लगेच बंद पडणे हा तिसरा. तुमचा संगणक तिसऱ्या प्रकारात मोडतो, आणि मागचा स्विच बंद-चालू केल्याशिवाय तो पुन्हा प्रयत्नच करत नाही, ही यातली सर्वांत बोलकी खूण आहे. एसएमपीएसला कुठेतरी शॉर्ट सर्किट किंवा अतिरिक्त प्रवाह आढळला, तर ते स्वतःच्या संरक्षणासाठी पुरवठा तोडते आणि मुख्य वीज काढून परत देईपर्यंत तसेच अडून बसते. मदरबोर्डवरचा दिवा लागतो, म्हणजे ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा, संगणक बंद असतानाही मिळणारा, येत आहे. प्लग, केबल आणि फ्यूज यांच्यामागे लागण्याचे कारण नाही.

म्हणून माझ्या मते एसएमपीएस गुन्हेगार नसून पहारेकरी असण्याची शक्यता अधिक आहे. दोष शोधायचा तो भाग कमी करत करत. मागचा स्विच बंद करून वायर काढा आणि पुढचे बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागांमध्ये) साठलेला बराचसा विद्युतभार निघून जाईल. मग यूएसबीची सगळी उपकरणे, हार्ड डिस्क व एसएसडी, जादा पंखे आणि ग्राफिक्स कार्ड काढून ठेवा. कार्ड काढताना स्लॉटच्या टोकाची खिटी आधी दाबावी लागते. ती तशीच ठेवून ओढले, तर स्लॉट तुटतो. मदरबोर्ड, प्रोसेसर, त्याचा पंखा आणि रॅमची एकच पट्टी एवढ्यावर संगणक सुरू करून पाहा. पंखे फिरत राहिले, तर दोष काढलेल्या भागांपैकी कशात तरी आहे. मग एकेक भाग परत जोडा आणि प्रत्येक वेळी आधी वीज काढा.

उत्तर २

माझ्या अनुभवात अशा तक्रारींचे मूळ बहुतेकदा रॅममध्ये सापडते. पट्टी काढून तिचे सोनेरी टोक खोडरबराने घासावे आणि परत बसवावी. निम्मे संगणक एवढ्यावरच सुरू होतात.

उत्तर ३

रॅमची शंका एरवी रास्त आहे, पण इथे ती मागच्या रांगेत ठेवावी लागेल. रॅमचा संपर्क बिघडला की बहुधा पंखे फिरत राहतात, बीप येतात किंवा बोर्डवरचा ‘डीरॅम’ लिहिलेला दिवा लागून राहतो. काही बोर्ड काही सेकंदांनी आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतात, पण मागच्या स्विचला हात लावेपर्यंत गप्प बसत नाहीत. शिवाय खोडरबराचा चुरा स्लॉटमध्ये अडकतो आणि सोन्याचा पातळ मुलामाही झिजतो. पुसायचेच असेल, तर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेले, धागे न सुटणारे कापड वापरावे.

एसएमपीएस स्वतंत्रपणे तपासायचे असल्यास त्याच्या सगळ्या केबल सर्व भागांतून काढा. नंतर २४ पिनांच्या मोठ्या कनेक्टरमधील हिरव्या वायरीची पिन आणि शेजारची काळ्या वायरीची पिन वाकवलेल्या पेपरक्लिपने जोडा. ही जोडणी वीज बंद असतानाच करायची आणि मगच मागचा स्विच चालू करायचा. पंखा फिरला, तर पिवळ्या वायरीवर ११.४ ते १२.६ व्होल्ट, तांबड्यावर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट आणि नारिंगीवर सुमारे ३.३ व्होल्ट दिसायला हवेत. सगळ्या वायरी काळ्या असतील, तर अंदाजाने पिन जोडू नका. माहितीपुस्तिकेत पिनांचा क्रम पाहा. काही जुनी एसएमपीएस भाराशिवाय, म्हणजे वीज घेणारा एकही भाग जोडलेला नसताना, टिकून चालत नाहीत, आणि काहींचा पंखा तापमान वाढल्याखेरीज फिरतच नाही, तेव्हा निव्वळ पंखा थांबला म्हणून ते निकामी ठरवू नये. उलट, भाराशिवाय आकडे बरोबर आले, तरी भाराखाली ते टिकतीलच, अशी खात्री ही चाचणी देत नाही. एसएमपीएसचा डबा मात्र कोणत्याही परिस्थितीत उघडू नका. त्यातले मोठे कपॅसिटर वायर काढल्यानंतरही जिवावर बेतेल एवढा विद्युतभार धरून ठेवू शकतात.

प्रश्नकर्ता

सविस्तर उत्तरांबद्दल आभार. पहिल्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे सगळे काढले आणि बटण दाबले, तर पंखे फिरतच राहिले. प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स असल्याने मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावली आणि बायोसचा (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅमचा) पडदा आला. डिस्क, यूएसबी आणि पंखे एकेक करून जोडले, तरी काही बिघडले नाही. ग्राफिक्स कार्ड जोडताक्षणी मात्र तोच अर्धा फेरा आणि तोच ‘टक्’. कार्डाला एसएमपीएसकडून येणारी आठ पिनांची केबल काढून ठेवली, तर पंखे चालू राहतात. ती लावली की बंद.

आता कार्ड बाहेर काढून त्यावर काही मोजता येईल का? आणि बायोसमध्ये तारीख काही वर्षे मागची दिसते, याचा याच्याशी संबंध असेल का?

उत्तर १

मोजता येईल. कार्ड टेबलावर ठेवा, मल्टिमीटर ओहमवर लावा आणि कार्डावरच्या आठ पिनांच्या सॉकेटमध्ये १२ व्होल्टची पिन आणि ग्राउंडची पिन यांच्यामधला रोध पाहा. केबलची खिटी जिथे अडकते तिच्या विरुद्ध बाजूच्या ओळीतल्या तीन पिना १२ व्होल्टच्या असतात. सुस्थितीतल्या कार्डावर आकडा सहसा शेकडो किंवा हजारो ओहममध्ये येतो आणि कपॅसिटर भरत असल्याने सुरुवातीला वर सरकतो. तो शून्याला चिकटून राहिला आणि मल्टिमीटर बझरवर (टोकांमध्ये थेट जोडणी असली की वाजणाऱ्या सोयीवर) लावल्यास सतत वाजला, तर कार्डाच्या पॉवर विभागातला मॉस्फेट (वीज चालू-बंद करणारा छोटा भाग) किंवा एखादा कपॅसिटर शॉर्ट झाला आहे, असे समजायला हरकत नाही. असे कार्ड ‘बघू तरी’ म्हणून दुसऱ्याच्या संगणकात लावू नका, कारण सगळीच एसएमपीएस वेळेवर पुरवठा तोडतात असे नाही, आणि कार्ड जळून निघते. बोर्डवरचे भाग बदलणाऱ्या जाणकार दुरुस्तकाराकडे ते नेता येईल.

तारखेचा या दोषाशी संबंध नाही. मदरबोर्डवरची सीआर२०३२ ही ३ व्होल्टची नाण्याएवढी बॅटरी उतरली असावी, आणि मागचा स्विच सतत बंद केल्यामुळे ते आता लक्षात आले. मल्टिमीटरवर ती २.७ च्या आसपास किंवा खाली दिसली, तर बदलून टाका.

उत्तर ३

बॅटरी काढण्यापूर्वी एक गोष्ट तपासून घ्या. विंडोजमध्ये ड्राइव्हचे एन्क्रिप्शन, म्हणजे बिटलॉकर, चालू असेल, तर बायोसच्या सेटिंग मूळपदाला गेल्यावर पुढच्या वेळी तुमच्याकडे ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती नसेल, तर डिस्क धडधाकट असूनही फायली उघडता येत नाहीत. संगणक आत्ता अंगभूत ग्राफिक्सवर सुरू होत आहे, तेव्हा बॅटरीला हात लावण्याआधीच ती की कागदावर उतरवून घ्या आणि कामाच्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढा. या दोषामुळे फायलींना धक्का लागलेला नसावा; १२ व्होल्टचा पुरवठा सुरू होता होताच तुटत होता आणि डिस्कवर काही लिहिण्यापर्यंत मजल गेलीच नव्हती.

प्रश्नकर्ता

कार्डावरचा रोध ०.३ ओहम आला आणि बझर थांबायचे नाव घेत नव्हता. मल्टिमीटरची टोके नुसती एकमेकांना लावली, तरीही साधारण तेवढाच आकडा येतो, म्हणजे कार्डाचा स्वतःचा रोध जवळपास शून्यच. रिकव्हरी की लिहून घेतली आहे आणि फायलींची प्रत काढणे सुरू आहे. ते संपले की बॅटरी बदलेन. कार्ड दुरुस्तीला देणार आहे आणि तोवर अंगभूत ग्राफिक्सवर काम चालवेन.

उत्तर २

कार्ड दुरुस्त होऊन आल्यावर संगणकात बसवण्यापूर्वी तोच रोध पुन्हा मोजा आणि आठ पिनांची केबलही उजेडात पाहून घ्या. कनेक्टरचे प्लास्टिक एखाद्या पिनेभोवती तपकिरी पडलेले किंवा वितळलेले दिसले, तर एसएमपीएसच्या संचातली दुसरी केबल वापरा. ती त्याच मॉडेलची असावी, कारण एसएमपीएसच्या बाजूची पिनांची मांडणी कंपनीनुसार बदलते.