कमी पटाच्या शाळा: आधी गाडी की आधी कुलूप?

कातळकर:
वीसच्या आतल्या पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढायची चर्चा २०२३ पासून चालू आहे. दाखले पानशेत आणि तोरणमाळ इथल्या समूह शाळांचे देतात. कोकणात गाव म्हणजे उतारावर विखुरलेल्या सात-आठ वाड्या. पाचवीपर्यंतची शाळा १ किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची ३ किलोमीटरच्या आत हवी, असं शिक्षणहक्काचे राज्याचे नियम सांगतात. पण अंतर नकाशावर मोजलं जातं. मधला पऱ्ह्या, म्हणजे ओढा, जुलैत साकवावरून (छोट्या पुलावरून) वाहतो हे नकाशात दिसत नाही. खाडीपलीकडची शाळा समोर दिसते, रस्त्याने आठ-नऊ किलोमीटर पडते. गाडी वाडीत उभी राहिल्याशिवाय शाळेला कुलूप लावू नये, एवढंच माझं म्हणणं.

गणितमास्तर:
अंतराचं पटलं. पण सात पोरांची एकशिक्षकी शाळा चालू ठेवली की समान संधी मिळाली का? पाचवीपर्यंत वर्षाला २०० दिवस, ८०० तास अध्यापन कायद्याने हवं. पाच इयत्ता, एक शिक्षक: इयत्तेच्या वाट्याला १६० तास. त्यातून पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, केंद्रातल्या बैठका वजा करा. गुरुजी रजेवर गेले की शेजारच्या शाळेतला शिक्षक उसना आणायचा, म्हणजे तिकडेही खड्डा. तिसरीत एकटं पोर असेल तर त्याने वाचन कुणासमोर करायचं?

तरीवरची:
मास्तर, ती एकशिक्षकी झाली कशी ते आधी बघा. शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आहेत, पट ७ असला तरी. कलम २६ म्हणतं, मंजूर पदांपैकी १० टक्क्यांहून जास्त रिकामी नकोत. इथे घाटावरचे उमेदवार रुजू होतात, जिल्हाबदली मिळाली की जातात, जागा तशीच राहते. दुसरं पद भरायचं नाही आणि मग शाळा कमकुवत म्हणून बंद करायची, हा कुठला न्याय? दोघं असले की पहिली-दुसरी एकाकडे, तिसरी ते पाचवी दुसऱ्याकडे. परिसर अभ्यास एकत्र घेता येतो. गणित नाही, ते इयत्तावारच घ्यावं लागतं.

गणितमास्तर:
७ मुलांना दोन शिक्षक आणि शेजारच्या ५५ पटालाही दोनच, ही समानता कुणाच्या बाजूची? निदान चौथी-पाचवी तरी एकत्र करा. पाचवीतलं पोर गाडीने जाऊ शकतं.

साकववाला:
गाडी इली नाय तर पोरां खंय जातली? हिशोबच करू. समग्र शिक्षा या सरकारी योजनेत वाहतूक भत्ता मुलामागे वर्षाला ६,००० रुपयांपर्यंत, म्हणजे दहा महिने ६०० रुपये. सहा मुलं धरा: ३,६०० रुपये. महिन्याला २४ दिवस शाळा, तर दिवसाला १५०. वाडी ६ किलोमीटरवर असली तर सकाळ-संध्याकाळ जाऊन-येऊन २४ किलोमीटर, आणि त्यातल्या अर्ध्या फेऱ्या रिकाम्या. या भाड्यात घाटीच्या रस्त्यावर कुठला रिक्षावाला येणार? त्यात पैसे पालकाच्या आधारजोड खात्यात जमा व्हायचे. नावातल्या एका वेलांटीवर खातं अडकतं, आणि चालकाला तर दर महिन्याला डिझेल लागतं. करार जिल्हा परिषदेनेच करावा, गाडीमागे दर ठरवून. मुलांमागे नको, कारण एक मूल मुंबईला गेलं की गाडी बंद.

कातळकर:
गाडीमागे दर, हे पटलं. आणि पटाचंही आधी सांभाळा. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक ते ठरवणं, ३० सप्टेंबरच्या पटावर होते आणि आधार पडताळणी झालेलीच मुलं मोजली जातात. रजिस्टर आणि आधार यांत जन्मतारीख वेगळी असली की पोर वर्गात बसूनही पटावर नाही, शिक्षकाचं पद मात्र गेलं. जुलैतच यू-डायसची (शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीची) यादी मागून ताडून पाहा. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असतात. पायवाटेने मोजलेलं अंतर, पावसात बंद राहणारा साकव, रिक्त पद हे सगळं ठरावात आकड्यांनिशी लिहा. मग त्याच कायद्याच्या कलम ३२ खाली जिल्हा परिषदेकडे लेखी तक्रार, पोच घेऊन. तीन महिन्यांत निर्णय हवा, नाही पटला तर बालहक्क आयोगाकडे अपील.

गणितमास्तर:
तीन महिने म्हणजे पहिलं सत्र जवळजवळ संपलं. तोवर सात पोरं एकाच शिक्षकापुढे.

तरीवरची:
म्हणून तक्रार जूनमध्ये नाही, मार्चमध्ये टाकायची.