मदत हवी आहे : मुलगा रग्बीच्या सामन्यात डोळे मिटून घेतो, रविवारपूर्वी काय करता येईल?

भाट्येकर (गुरुवार, सकाळ)
येत्या रविवारी मुलाचा दुसरा सामना आहे, म्हणून कृपया लवकर उत्तरे द्यावीत. गेली दीड वर्षे तो आमच्याकडे वाळूवर सराव करतो आणि धावण्यात व चेंडू देण्यात त्याचा हात कोणी धरत नाही. गेल्या रविवारी मात्र शाळेच्या मैदानावर पहिला खरा सामना झाला, तेव्हा समोरून मुलगा धावत आला की हा डोळे मिटून मान खाली घालत होता आणि उत्तरार्धात तर चक्क पाठ फिरवून उभा राहिला. घरी आल्यापासून तो या विषयावर बोलतही नाही. प्रशिक्षकांच्या मते आणखी दोन सामने खेळला की भीती आपोआप मोडेल. मला ती रविवारपूर्वी मोडायची आहे. खेळ सोडून द्या असा सल्ला कृपया नको. त्यासाठी घरात त्याची आजी पुरेशी आहे.

खाडीपलीकडे
मुलाचे वय किती, वजन किती आणि दीड वर्षाच्या सरावात प्रत्यक्ष पकड होती का, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. समोरचा संघ त्याच वयाचा होता का, हेही कळवावे.

डावा कोपरा
यात एवढे विचारण्यासारखे काय आहे? मुलाला दोन महिने वाडीतल्या कबड्डी मंडळात पाठवा. मी अकरा वर्षे कोपरारक्षक म्हणून खेळलो आहे. चढाई करणाऱ्याच्या घोट्यावर एकदा हात पक्का बसला की भीती कुठल्या कुठे जाते. कोकणातल्या पोराला पकड शिकवायला बाहेरचा खेळ लागतो, याचेच मला नवल वाटते.

भाट्येकर
वयाने काय फरक पडतो ते कळले नाही, तरी सांगतो : नऊ पूर्ण, वजन २७ किलो. आतापर्यंत टॅग पद्धतीने खेळत होते, म्हणजे कमरेच्या पट्ट्याला लावलेली फीत ओढली की झाले. समोरच्या संघात दोन मुले अकरा वर्षांची असावीत. कबड्डी तो वाडीत खेळतोच, त्यामुळे तो उपाय करून झालेला आहे.

जिमखान्याचा जुना
वयाने फार फरक पडतो. इंग्लंडमध्ये आठ वर्षांखालील गटापर्यंत टॅगच खेळवतात, नऊ वर्षांखालील गटापासून पकड सुरू होते आणि स्क्रम, म्हणजे दोन्ही संघांच्या खेळाडूंनी वाकून एकमेकांना रेटणे, यासारख्या गोष्टी त्यानंतर टप्प्याटप्प्याने येतात. दीड वर्ष फीत ओढणाऱ्या मुलाला एकदम अकरा वर्षांच्या मुलांसमोर उभे केले असेल, तर त्याने डोळे मिटणे हा भित्रेपणा नसून, पकड त्याला कोणी शिकवलेलीच नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.

आता कबड्डीविषयी. कबड्डीत चढाई करणारा जवळ आणि बऱ्याच अंशी तोलून-मापून हालचाल करतो, त्यामुळे खाली झेपावून घोटा धरता येतो. रग्बीत तोच पोरगा भरधाव येत असतो आणि खाली घातलेल्या डोक्यासमोर त्याचा गुडघा असतो. दुसरे असे की कबड्डीत दम सुटेपर्यंत सोडायचे नसते, तर रग्बीत समोरचा खाली पडला की पकडणाऱ्याने त्याला ताबडतोब सोडावे लागते आणि पडलेल्यानेही चेंडू सोडायचा असतो. आपला मुलगा मान खाली घालतो ती सवय कबड्डीची असू शकते.

शिकवण्याचा क्रम असा ठेवावा : आधी दोघांनी गुडघ्यांवर बसून, मग चालत, मग सावकाश धावत. डोळे उघडे, हनुवटी वर, पाठ सरळ, खांदा मांडीला लागला पाहिजे आणि दोन्ही हातांनी विळखा घातला पाहिजे. बाजूने पकडताना डोके धावणाऱ्याच्या पाठीमागच्या अंगाला ठेवायचे, पुढ्यात कधीही नाही. पकडल्या जाणाऱ्यालाही पडायला शिकवा : चेंडू छातीशी, हनुवटी आत, आधी गुडघा, मग कंबर, मग खांदा, हात टेकवून पडला तर मनगट जाते. हे सर्व ओहोटीच्या वेळी वरच्या मऊ पुळणीत करावे. खालची ओली वाळू चांगलीच टणक असते. जांभ्याच्या सड्यावरच्या मैदानात तर हा सराव मुळीच नको.

डावा कोपरा
जिमखान्यात बसून कबड्डीला नावे ठेवणे सोपे आहे. आमच्याकडे डोके कुठे ठेवायचे हेच पहिल्या दिवशी शिकवतात. आणि मुलांना कसले एवढे जपायचे? आम्ही शेणाने सारवलेल्या खळ्यात खेळून मोठे झालो.

नाचणीची भाकरी
नऊ वर्षांच्या मानाने २७ किलो तसे ठीक आहे, तरी अंग भरायला सकाळी नाचणीचे सत्त्व आणि रात्री कुळथाची पिठी द्यावी. माझा भाचा चार महिन्यांत चांगला भरला.

खाडीपलीकडे
वजन वाढवण्याविषयी कोणीही विचारलेले नाही.

रुपयाची कप
हा खेळ बाहेरचा म्हणणाऱ्यांसाठी : इंग्लंड आणि स्कॉटलंड ज्या कलकत्ता कपासाठी खेळतात, तो १८७८ मध्ये बंद पडलेल्या कलकत्त्याच्या क्लबाने आपल्या शिलकीतले चांदीचे रुपये वितळवून घडवला होता.

ओहोटी
कपाविषयी नंतर बोलू. भाट्येकर, मुलगा उत्तरार्धात पाठ फिरवू लागला असे आपण लिहिले आहे. पूर्वार्धात त्याला काही लागले होते का? आणि बोलत नाही म्हणजे नेमके काय? रुसल्यासारखा गप्प आहे की मलूल आहे?

भाट्येकर
तसे विशेष काही नाही. पूर्वार्धात एकाचा गुडघा कानाच्या वर लागला, पण तो स्वतःच उठला. उठून आपल्याच गोलरेषेकडे धावत सुटला, म्हणून सगळे हसलेसुद्धा. संध्याकाळी एकदा उलटी झाली, ती परतीच्या वाटेवर खाल्लेल्या वड्यामुळे असावी. तेव्हापासून शाळेतून आला की झोपतो, उन्हात डोके दुखते म्हणतो आणि टीव्हीही मागत नाही. सामना टाळण्याची ही सबब आहे, असे मी धरून चाललो होतो.

ओहोटी
ही सबब नाही. मी बालरुग्ण विभागात काम करते. गुडघा डोक्याला लागणे, त्यानंतर दिशा चुकणे, उलटी, झोपाळूपणा आणि उजेड न सोसणे ही सगळी मेंदूला हादरा बसल्याची लक्षणे असू शकतात, आणि त्यासाठी बेशुद्ध पडावेच लागते असे नाही. आजच्या आज डॉक्टरांना दाखवा आणि दिशा चुकल्याचे त्यांना आवर्जून सांगा. पुन्हा उलट्या झाल्या, डोकेदुखी वाढत गेली, आकडी आली, हातापायांतले बळ गेले किंवा त्याला जागे करणे कठीण झाले, तर वाट न पाहता थेट इस्पितळ गाठावे. रविवारचा विषय संपला आहे.

जिमखान्याचा जुना
ओहोटीताईंचे म्हणणे शब्दशः मान्य आहे, आणि मी वर सुचवलेला सराव तूर्त पूर्णपणे बाजूला ठेवावा. खरे तर हे मीच आधी विचारायला हवे होते. ब्रिटनमध्ये २०२३ मध्ये शाळा-क्लबांच्या खेळांसाठी ज्या सूचना काढल्या, त्यांनुसार अशा खेळाडूला पहिले २४ ते ४८ तास विश्रांती देतात, सलग १४ दिवस लक्षणे नसल्याशिवाय डोक्याला धक्का बसू शकेल असा सराव देत नाहीत, आणि २१ दिवसांच्या आत सामना तर नाहीच. संशय आला तरी मुलाला त्याच क्षणी मैदानाबाहेर काढायचे असते. उत्तरार्ध त्याला खेळू द्यायलाच नको होता. आणि कोणी मऊ टोपी घ्या म्हणून सुचवील, तर ती कान आणि कातडी वाचवते, हादरा थांबवते असे मानू नका.

डावा कोपरा
डोक्याला लागले आहे हे पहिल्याच पत्रात लिहिले असते तर मी घोटा पकडायला सांगितलेच नसते. आमच्या वेळी हळद लावून पुन्हा आत पाठवत. त्यातला एक जण आठवडाभर स्वतःच्या घराची वाट विचारत होता, हे आज आठवले.

भाट्येकर (शुक्रवार, रात्र)
काल संध्याकाळी डॉक्टरांना दाखवले. त्यांनी बराच वेळ तपासले, तोल पाहिला, पाढे म्हणायला लावले. सातचा पाढा एरवी घडाघडा म्हणणारा मुलगा दोनदा अडखळला. हादराच आहे, शाळा दोन दिवस बंद, मोबाईल-टीव्ही जवळजवळ बंद आणि मंगळवारी पुन्हा बोलावले आहे. प्रशिक्षकांना कळवले तेव्हा एक खेळाडू कमी पडेल, एवढेच ते म्हणाले. यापुढे तो त्याच्या वयाच्या मुलांसमोर उभा राहणार असेल तरच पाठवीन, असे मी त्यांना सांगितले आहे. त्यावर अजून उत्तर नाही. घरी आल्यावर त्याने विचारले की, 'बाबा, मी घाबरलो नव्हतो ना?' त्याला काय सांगावे ते मला सुचले नाही.

दोन शंका उरल्या आहेत. रविवारी तो नुसता बघायला आला तर चालेल का, आणि एवढ्या लहान मापाचे दातांचे कवच रत्नागिरीत कुठे मिळेल?

डावा कोपरा
कवच दुकानात शोधू नका. दातांच्या डॉक्टरांकडून साचा काढून घ्या. दुधाचे दात पडत आहेत, तेव्हा ते वर्षभरात बदलावे लागेल हे धरून चाला.

ओहोटी
बघायला येण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. ते हो म्हणाले तरी सावलीत बसवा, आणि डोके दुखू लागले की अर्ध्यावरून घरी न्या. त्याच्या प्रश्नाला 'नाही, तू घाबरला नव्हतास' असे सरळ सांगा.