मदत हवी आहे : बाबांना ट्रायलमध्ये घालू का? शनिवारी सही आहे

घाईतला_माणूस: बाबांचा कॅन्सर परत आलाय. डॉक्टर म्हणाले औषधाची ट्रायल (चाचणी) चालू आहे, त्यात घेऊ. २२ पानी फॉर्म दिलाय. मराठीतच आहे, पण डोक्यावरून जातोय. पान ७ वर लिहिलंय, कुठला गट ते कॉम्प्युटर ठरवणार. म्हणजे औषधाऐवजी साखरेच्या गोळ्या दिल्या तर? लवकर सांगा.

सुमाताई: कॅन्सर कसला? वय? आधी काय उपचार झाले? ट्रायल कितव्या फेजची (टप्प्याची)?

घाईतला_माणूस: तोंडाचा, अजून कसला. ४० वर्षं तंबाखू. ऑपरेशन, शेक सगळं झालं. फेज ३.

वैद्य_नाही_पण: सही करू नका. गिनीपिग करतात. आमच्या मेव्हण्याला गव्हांकुराचा रस दिला, भूक लागायला लागली.

फार्मावाला: भूक लागली म्हणजे गाठ गेली का? @घाईतला, टाटा मेमोरियलची ट्रायल वाचा. नेहमीच्या गोळ्यांना निवोलुमॅब या प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या इंजेक्शनची जोड, तीही फक्त २० मिग्रॅ, दर ३ आठवड्यांनी. एरवी २४० देतात. वर्षानंतर हयात असलेले १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेले. डॉक्टरांना तेच द्यायला सांगा.

सुमाताई: वर्षभरात निम्म्याहून जास्त गेलेच, तेही सांगा की. आणि त्यांनी हे विचारलंच नाहीये. @घाईतला, या स्टेजला नुसती साखरेची गोळी सहसा देत नाहीत. दुसऱ्या गटाला आजचा रूढ उपचार मिळतो, कधी त्यावर एक खोटी गोळी. फॉर्ममध्ये दुसऱ्या गटाला काय मिळणार ते शोधा. सीटीआरआय (ट्रायलची सरकारी नोंदवही) नंबर आहे का बघा, २००९ पासून नोंदणी सक्तीची आहे. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार फुकट, हेही लिहिलेलं असतं. आणि सही केली तरी मधूनच बाहेर पडता येतं.

वैद्य_नाही_पण: बाहेर पडल्यावर डॉक्टर नीट बघतात का? अनुभव आहे आम्हाला.

फार्मावाला: कुठला अनुभव? मेव्हण्याचा?

घाईतला_माणूस: भांडू नका हो. नंबर सापडला. पान ९ : दुसऱ्या गटाला मेथोट्रेक्सेट (केमोची गोळी), आठवड्यातून एकदा, आणि सेलेकॉक्सिब (सूज-दुखण्याची गोळी) रोज दोनदा. पण बाबांना नाकातून नळी आहे, गोळ्या खलबत्त्यात कुटू का?

सुमाताई: नळी आहे हे आत्ता सांगताय?! मेथोट्रेक्सेट घरी अजिबात कुटू नका, भुकटी घरच्यांनाही बाधते. आणि आठवड्याची गोळी चुकून रोज गेली तर जिवावर बेतेल, कॅलेंडरवर वार लिहा. नळीवाल्यांना ट्रायलमध्ये घेतात का, हे सहीच्या आधी विचारा.

फार्मावाला: याच दोन गोळ्या सिस्प्लॅटिनसमोर (शिरेतून द्यायची केमो) तपासल्या होत्या, २०२० साली छापून आलं. ४२२ पेशंट. गोळ्यांवर निम्मे पेशंट ७.५ महिन्यांपुढे जगले, सिस्प्लॅटिनवर ६.१. म्हणजे दुसरा गट अगदीच वाऱ्यावर नाही.

आगाऊ_आजोबा: टाटाला येणार असाल तर दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे, राहायची सोय होईल.

घाईतला_माणूस: आजोबा, आम्ही पनवेलला राहतो, उपचारही इथेच. ताई, नळीचं उद्या सकाळी विचारतो.