अनुभव धागा : घरातल्या लहानमोठ्या दुरुस्त्या, आपल्या हातांनी

निरगाठ :
पावसाळ्यापूर्वीची आवराआवर करताना माळ्यावर आईचा पत्र्याचा डबा सापडला. त्यात दाभण, सुतळीचा गुंडा, सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे आणि चामड्याच्या लहानमोठ्या चकत्या होत्या. आमच्या वाड्यातला पितळी नळ ठिबकू लागला की आई आधी पाण्याचा कॉक बंद करत असे, मग पान्याने नळाचे डोके उघडून झिजलेली चकती काढत असे आणि तेलात मुरवून ठेवलेली नवी चकती बसवत असे. शेजारची बिऱ्हाडेही या कामासाठी तिलाच हाक मारत. डबा पाहिल्यावर वाटले की असे ज्ञान प्रत्येक घरात थोडेथोडे असणार आणि ते एका ठिकाणी लिहून ठेवले पाहिजे.

माझे मत असे आहे की दुरुस्तीचे निम्मे काम बिघाड नेमका कुठे आहे हे शोधण्याचे असते आणि तेवढे आपण घरी नक्की करू शकतो. एक उदाहरण देते. फ्लशच्या टाकीतून पाणी सतत झिरपते असा संशय आला, तर टाकीचे झाकण उघडून पाण्याची पातळी मधल्या उभ्या नळीच्या तोंडाखाली आहे ना हे प्रथम पाहावे. पाणी त्या तोंडातून आत पडत असेल, तर दोष फ्लोटचा आहे. पातळी खाली असेल, तर टाकीत खाण्याच्या रंगाचे काही थेंब टाकून अर्धा तास कोणी फ्लश वापरू नये. भांड्यात रंग उतरला, तर तळाचे रबर खराब झाले आहे. एवढे कळल्यावर दुकानात जाऊन नेमका तोच भाग मागता येतो आणि पूर्ण टाकी बदलण्याचा सल्ला ऐकून घ्यावा लागत नाही.

आपण काय केले, कोणता भाग लागला आणि कशाची काळजी घेतली, हे सविस्तर लिहावे ही विनंती.

तिसरा मजला :
छताचा पंखा. रेग्युलेटर शेवटच्या आकड्यावर ठेवूनही पंखा मंद फिरतो, किंवा नुसता घुमतो आणि काठीने पाते ढकलले की फिरू लागतो, अशी लक्षणे असतील तर बहुतेक वेळा कपॅसिटर (मोटरला फिरण्यासाठी जोर देणारा लहान भाग) कमजोर झालेला असतो. दांडीला लागून असलेल्या वाटीत तो बसवलेला असतो आणि त्यावर २.५ किंवा ३.१५ मायक्रोफॅरड असा आकडा छापलेला असतो. तोच आकडा असलेला नवा आणावा. पंखा जास्त जोरात फिरेल या आशेने मोठा बसवल्यास वाइंडिंग तापते. वायरी सोडवण्याआधी मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवावे, म्हणजे जोडताना गोंधळ होत नाही. जुन्या कपॅसिटरच्या दोन्ही उघड्या टोकांना एकाच वेळी बोट लावू नये, कारण त्यात वीज साठलेली असू शकते. बीएलडीसी पंख्यांची (कमी वीज खाणारे, बहुधा रिमोटवर चालणारे नवे पंखे) रचना वेगळी असते, त्यांना हे लागू नाही.

चिमटा :
वरच्या प्रतिसादात एक भर घालतो. भिंतीवरचे बटण बंद केले म्हणजे वीजपुरवठा बंद झाला असे समजू नये, कारण जुन्या घरांत बटण फेजऐवजी (वीज आणणाऱ्या वायरीऐवजी) न्यूट्रलवर (परतीच्या वायरीवर) जोडलेले पुष्कळदा आढळते. त्या खोलीचा एमसीबीच (विजेच्या मुख्य पेटीतला खटका) खाली पाडावा. टेस्टरसुद्धा आधी चालू प्लगमध्ये लावून तो पेटतो याची खात्री करावी आणि मगच पंख्याच्या वायरीला लावावा. बिघडलेला टेस्टर सगळीकडे ‘वीज नाही’ असेच सांगतो.

पडवी :
निरगाठताई, आईंचा डबा जपून ठेवा.

आमच्याकडे रत्नागिरीच्या बाजूला मे महिना म्हणजे घर शाकारण्याचा महिना. आता कौले परतणारे गडी वेळेवर मिळत नाहीत, त्यामुळे जेवढे खालून करता येते तेवढे आम्ही घरीच करतो. बाहेरच्यांच्या सहसा लक्षात येत नाही ती गोष्ट अशी की पाणी जमिनीवर जिथे ठिबकते, त्याच्या बरोबर वरचे कौल फुटलेले असेलच असे नाही. पाणी वाशावरून किंवा रिपेवरून (कौले ज्यावर टेकतात त्या आडव्या लाकडी पट्टीवरून) बरेच खाली ओघळत येते आणि जिथे गाठ किंवा सांधा लागतो तिथे खाली पडते. म्हणून पाऊस सुरू होण्याआधी, भर दुपारी, दारेखिडक्या लावून घरात अंधार करावा आणि वर पाहावे. जिथून कवडसा येतो, तिथून पाणीही येणार. त्या जागेखालच्या वाशावर खडूने खूण करून ठेवावी.

मंगलोरी कौलाला खालच्या बाजूला नाक असते आणि ते रिपेत अडकते. वांदरांनी उड्या मारल्या की बऱ्याच वेळा कौल फुटत नाही, नुसते नाकातून सुटून खाली सरकते. अशा वेळी आत उभे राहून लांब काठीच्या टोकाला फडके गुंडाळावे, कौल खालून किंचित उचलावे आणि वर ढकलून सोडावे, की ते पुन्हा रिपेत बसते. फुटलेले कौल मात्र बदलावेच लागते. छपरावर चढायचेच असेल तर कौलाच्या मधोमध कधीही पाय देऊ नये. छपरावर आडवी फळी किंवा शिडी टाकून वजन विभागावे, आणि पहिल्या पावसानंतर शेवाळ धरले की मुळीच चढू नये.

गच्चीवरची बाग :
पडवी यांनी लिहिलेले स्लॅबच्या घरांनाही लागू आहे. बेडरूमच्या छताला ओल आली म्हणून आमच्या सोसायटीत सगळ्या गच्चीवर रसायन फासण्याचा ठराव होत आला होता. त्याआधी आम्ही गच्चीचे भाग पाडले, पागोळीच्या पाइपांची तोंडे बोळे घालून बंद केली आणि एकेका भागात बोटभर पाणी २४ तास साठवून ठेवले. ओल वाढली ती फक्त जिन्याजवळच्या भागात. तिथे कठड्याच्या मुळाशी पिंपळाचे रोप उगवले होते आणि त्याच्या मुळांनी कोब्याला तडा गेला होता. रोप मुळासकट काढले, तडा छिन्नीने थोडा रुंद करून साफ केला आणि वॉटरप्रूफिंगचे द्रावण मिसळलेल्या सिमेंट-वाळूने भरला. वरून कापलेला पिंपळ पुन्हा फुटतो, त्यामुळे रोप बोटाएवढे असतानाच उपटणे महत्त्वाचे आहे. जुन्या इमारतीत सळया गंजून स्लॅबचे तुकडे पडत असतील, तर पाणी साठवण्याची ही चाचणी करू नये. तिथे आधी अभियंत्याला दाखवावे.

भिंतीच्या ओलीसाठीही सोपी परीक्षा आहे. हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावावा आणि दोन दिवसांनी पाहावा. थेंब प्लास्टिकच्या आत, भिंतीच्या बाजूला असतील तर ओल भिंतीतून येत आहे. थेंब खोलीच्या बाजूला असतील तर हवेतला दमटपणा गार भिंतीवर जमत आहे आणि उपाय वायुवीजनाचा करायला हवा. हे न पाहता रंग लावला तर वर्षभरात पापुद्रे सुटतात.

मीरा_कोथरूड :
गच्चीची चाचणी आजच सोसायटीच्या गटात पाठवते. आमच्याकडे दर वर्षी असाच खर्च होतो आणि ओल तिथेच राहते.

मला बाथरूमबद्दल लिहायचे आहे. शॉवरची भोके बोअरच्या पाण्याच्या क्षारांनी बंद होतात. पिशवीत कोमट पाणी आणि दोन चमचे लिंबूसत्त्व घालून ती शॉवरच्या तोंडाला रबरबँडने रात्रभर बांधून ठेवते. सकाळी जुन्या टूथब्रशने घासले की भोके मोकळी होतात. हेच पाणी फरशीवरच्या पांढऱ्या डागांवरही चालते.

शहाबादी :
मीराताई, शॉवरसाठी उपाय उत्तम आहे, पण फरशीबद्दल कृपया सावध राहा. क्षाराचे पांढरे थर म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, आणि आम्लाने ते विरघळते. शहाबादी फरशी, कडाप्पा आणि संगमरवर हे दगडही त्याच पदार्थाचे आहेत, त्यामुळे लिंबूसत्त्व किंवा व्हिनेगर डागाबरोबर दगडाची झिलईही खाते आणि तो भाग कायमचा मंद पडतो. सिरॅमिक किंवा व्हिट्रिफाइड टाइल असेल तर हरकत नाही. ओट्याचा दगड ओळखता येत नसेल, तर कोपऱ्यात, जिथे नजर जात नाही अशा जागी, लिंबाचा एक थेंब टाकून पाहावे. बारीक बुडबुडे आले तर तो चुनखडीच्या जातीचा दगड आहे; तिथे साधा साबण आणि मऊ ब्रश एवढेच वापरावे.

आणखी एक गोष्ट हात जोडून सांगतो. संडास-बाथरूम धुताना ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र वापरू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

मीरा_कोथरूड :
धन्यवाद, आमच्या बाथरूममध्ये टाइल्स आहेत. ओटा मात्र कडाप्प्याचा आहे, तो आता लिंबापासून दूर ठेवीन.

वऱ्हाडातून :
पावसाळ्याचे चालू द्या, आमच्या अकोल्यात अजून कुलर सुरू आहेत. कुलर नीट चालण्यासाठी समोरची खिडकी उघडी हवी, हे पाहुण्यांना दर वर्षी सांगावे लागते. बंद खोलीत हवा दमट होत जाते आणि गारवा संपतो. ताट्या (कुलरच्या बाजूंना लावलेल्या, पाण्याने भिजणाऱ्या जाळ्या) दर हंगामात बदलाव्यात, नव्या ताट्या रात्रभर पाण्यात भिजवून धूळ काढावी, आणि वरच्या पन्हाळीची भोके क्षाराने बुजली असतील तर दाभणाने मोकळी करावीत. एक भोक बंद असले तरी त्याखालची ताटी कोरडी राहते आणि तिथून गरम हवा थेट आत येते.

खरे लिहायचे आहे ते विजेबद्दल. दर उन्हाळ्यात आमच्याकडच्या वर्तमानपत्रांत कुलरचा धक्का बसून कोणी दगावल्याची बातमी येते. लोखंडी बॉडी, आत पाण्यात बुडालेला पंप, ओली जमीन आणि अनवाणी पाय असे सगळे एकत्र येते. पाणी भरण्याआधी पिन प्लगमधून बाहेर काढावी, केवळ बटण बंद करून भागत नाही. तीन पिनांचाच प्लग असावा आणि त्या तिसऱ्या पिनेमागे खरोखर अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून एकदा तपासून घ्यावे. शक्य असेल तर ३० मिलीॲम्पिअरचे आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारे उपकरण) बसवावे आणि त्यावरचे टेस्टचे बटण महिन्यातून एकदा दाबून ते पडते की नाही हे पाहावे. आमच्या गल्लीतल्या एका घरात लहान मुलगी थोडक्यात वाचली, तेव्हापासून मी हे प्रत्येकाला सांगतो.

पडवी :
वाचून अंगावर काटा आला. मुलगी सुखरूप आहे हे महत्त्वाचे.

दूरदेशी :
मी न्यू जर्सीत राहते. इथे सिंकखाली खरकटे दळणारे यंत्र असते आणि त्यात चमचा किंवा खोबऱ्याच्या करवंटीचा तुकडा अडकला की ते घुमून बंद पडते. वीज बंद करून, आत हात न घालता, यंत्राच्या तळाशी मधोमध असलेल्या षटकोनी खाचेत पाव इंचाची ॲलन की घालून ती दोन्ही बाजूंना फिरवावी. चाक मोकळे झाले की अडकलेली वस्तू चिमट्याने काढावी आणि तळाचे लाल बटण दाबावे. इथे दुरुस्तीचा माणूस घरी येण्याचेच पैसे इतके घेतो की आमच्या मराठी मंडळात ही युक्ती नव्याने आलेल्या प्रत्येकाला सांगितली जाते.

चिमटा :
असेच लाल बटण आपल्या बहुतेक मिक्सरच्या तळाशीही असते. घट्ट चटणी वाटताना मिक्सर एकदम बंद पडला, तर पिन काढून भांडे थोडे रिकामे करावे, पाच-दहा मिनिटे थांबावे आणि ते बटण आत दाबावे. मोटर जळू नये म्हणून दिलेली ती सोय आहे. हे माहीत नसल्यामुळे चांगले मिक्सर दुरुस्तीच्या दुकानात पोहोचतात.

नवीन सभासद :
आई गेल्यापासून घरात बाबा आणि मीच आहोत, त्यामुळे हा धागा फार उपयोगी पडत आहे. गॅसच्या शेगडीपाशी कधीकधी वास येतो. गळती आहे का, हे घरी कसे पाहावे?

शहाबादी :
आपल्या घरच्या प्रसंगाबद्दल वाईट वाटले. वास येत असेल तेव्हा प्रथम रेग्युलेटर बंद करावा, दारेखिडक्या उघडाव्यात आणि कोणतेही विजेचे बटण चालू किंवा बंद करू नये. मग वाटीभर पाण्यात साबणाचा फेस करून तो ब्रशने रेग्युलेटरच्या तोंडाशी, नळीच्या दोन्ही टोकांना आणि शेगडीच्या सांध्यांना लावावा. शेगडीची बटणे बंद ठेवून रेग्युलेटर क्षणभर उघडावा; गळती असेल तिथे बुडबुडे वाढतात. काडी ओढून कधीही पाहू नये. नारिंगी सुरक्षा नळीवर तारीख छापलेली असते, ती पाच वर्षांनी बदलावी. वास तीव्र असेल तर स्वतः काहीही न तपासता, घराबाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे. तो गॅसगळतीसाठीचाच क्रमांक आहे आणि रात्रीही चालू असतो.

नवीन सभासद :
नळीवरची तारीख पाहिली, मुदत केव्हाच उलटून गेली आहे. रेग्युलेटर बंद केला आहे आणि एजन्सीला फोन लावत आहे. मनापासून आभार.

तिसरा मजला :
एजन्सीचा माणूस आला की त्याच्याकडून बर्नरची भोकेही साफ करून घ्या. ज्योत निळी असायला हवी. पिवळी होऊन भांडी काळी पडत असतील तर हवा आणि गॅस नीट मिसळत नाही.

निरगाठ :
पडवी, आमच्या गावच्या घरी आता कोणी राहत नाही आणि आम्ही जूनमध्ये जाऊ तेव्हा पाऊस लागलेला असेल. छपरावर चढता येणार नाही आणि कौल फुटलेले असेल, तर तात्पुरते काय करावे?

पडवी :
आतून माळ्यावर चढून हात पोहोचत असेल, तर पातळ पत्र्याची पट्टी किंवा जाड प्लास्टिकचा तुकडा घ्यावा. तो फुटलेल्या कौलाच्या वर आणि त्याच्या वरच्या ओळीतल्या कौलाच्या खाली सरकवावा. वरच्या कौलावरचे पाणी पट्टीवर येते आणि पट्टीवरून खालच्या ओळीतल्या कौलावर जाते, म्हणून पट्टीचे खालचे टोक फुटलेल्या भागाच्या पुढे चार बोटे तरी गेले पाहिजे. पट्टी वाऱ्याने निघू नये म्हणून वरचे टोक रिपेवर वळवून तारेने बांधावे. गणपतीपर्यंत ती सहज टिकते. जाताना चार-पाच जुनी कौले बरोबर न्या, कारण कारखान्यागणिक कौलांच्या खाचा थोड्या वेगळ्या असतात आणि नवे कौल जुन्यात बसत नाही. गावात कोणी घर पाडून स्लॅबचे बांधत असेल, तर त्यांच्याकडे तशी कौले मिळतील.