लाल पेन नेमका कुठे चालवायचा? कॉलेजातले निबंध आणि त्यातल्या चुका

तासिकावाला

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बीएला मराठी शिकवतो, तासिका तत्त्वावर. परवा दुसऱ्या वर्षाच्या असाइनमेंट तपासायला घेतल्या. चार पानी निबंध, विषय 'कापूस उत्पादक शेतकऱ्यांच्या समस्या'. वर्गातली बरीच मुलंमुली सुट्टीच्या दिवशी वेचणीला जाणारी. तरी जवळपास प्रत्येक निबंध 'भारत हा कृषिप्रधान देश आहे' इथून निघाला आणि 'शासनाने योग्य त्या उपाययोजना केल्या पाहिजेत' इथे येऊन थांबला. मधली पानं गाइडमधली.

एका मुलाच्या तिसऱ्या पानावर, अगदी तळाशी, दोन ओळी होत्या: 'पोळ्यानंतर आमच्या वावरात डोमकळ्या दीसल्या. बाबांनी बोंड फोडून दाखवल तर वरुन हीरव आणि आत सरकी पोखरलेलि.' (डोमकळ्या म्हणजे अळी शिरल्यानं नीट न उमललेली फुलं.) मी त्यात पाच गोल केले, शेवटी 'शुद्धलेखन सुधारा' असा शेरा मारला आणि पान उलटलं. रात्री जेवायला बसलो तेव्हा ते डोक्यात आलं. चार पानांत त्या पोराचं स्वतःचं एवढंच होतं आणि मी सगळ्यात जास्त लाल तिथेच केलं. गाइडमधून उतरवलेल्या पानांवर एकही गोल नव्हता. ती शुद्धच होती ना!

माझं म्हणणं असं, की आपल्या मुलांची खरी चूक ह्रस्व-दीर्घाची नाही. मुद्दा न ठरवता लिहायला बसणं ही खरी चूक. 'समस्या' हा मुद्दा नाही, ते पोतं आहे. त्यात काहीही कोंबता येतं. 'बोंडअळी येऊ नये म्हणून बीटी बियाणं लावूनही आमच्या वावरात ती का आली' हा मुद्दा झाला. तो ठरला की कृषिप्रधान देश आपोआप गळून पडतो, परिच्छेद पाडता येतात, आणि शेवटी शासनाला मोघम सल्ला द्यावा लागत नाही. मी यापुढे शुद्धलेखनाचे गुण कापणार नाही, असं ठरवलंय. पटत नसेल तर खुल्या मनाने सांगा.

काळी माती

सर, त्या दोन ओळींबद्दल तुम्हाला वाईट वाटलं ते मला कळतं. पण त्यावरून घेतलेला निर्णय मुलांच्याच मुळावर येईल. मी बुलडाणा जिल्ह्यात कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. माझे विद्यार्थी पुढे तुमच्याकडे येतात आणि तिथून स्पर्धा परीक्षेला बसतात. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५पासून वर्णनात्मक झाली, निबंधाचा पेपर वेगळा आहे. तिथला परीक्षक तुमच्या पोराला ओळखत नाही. डोमकळीपर्यंत पोहोचायच्या आधी त्याला 'दीसल्या' दिसतं. शहरातल्या मुलानं तसं लिहिलं तर लोक म्हणतात घाईत राहिलं असेल. आपल्या मुलानं लिहिलं की म्हणतात, खेड्यातला आहे. हे अन्यायाचं आहे, पण म्हणूनच त्याला ते शिकवलं पाहिजे. सोडून देणं म्हणजे दया नाही.

आणि शुद्धलेखन अवघड आहे हा समज आपणच पसरवलाय. मी नियम वावरातून शिकवते. तूर, मूग, पीक, ऊस. शेवटचं अक्षर अकारान्त असलं की त्याच्या आधीचं इकार-उकार दीर्घ. प्रत्यय लागला की ते ह्रस्व होतं: तुरीचा, मुगाचा, पिकाला, उसाला. जमीन, पण जमिनीचा. गरीब, पण गरिबाला. गुण, विष असे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द बाजूला ठेवायचे, ते तसेच राहतात. एका तासात एवढं होतं आणि मुलं घरी जाऊन धान्याच्या पोत्यांवरची नावं तपासतात. तुमच्या मुलाला 'शुद्धलेखन सुधारा' एवढंच सांगितलं, कसं सुधारायचं ते नाही. चूक गोल करण्यात नव्हती सर, गोल करून पुढे जाण्यात होती.

वावरातला पोट्टा

सर, मॅडम, मी बीएच्या दुसऱ्या वर्षाले आहो, दुसऱ्या कॉलेजात. गाइडमधून काहून लिवतो ते सांगतो. आठवीत म्या निबंधात 'मले' लिवलं होतं. तं सरनं वर्गात मोठ्यानं वाचून दाखवलं आन् सारे हासले. तवापासून जे छापील आहे तेच लिवतो, त्यात चूक निंगत नाही. घरचं लिवाले भेव वाटते. तुमी म्हणता गुण कापत नाही, मॅडम म्हणते शिका. पण 'मले' कुठं चालते आन् कुठं नाही, हे कोणी सांगतच नाही.

काळी माती

दादा, वर्गात वाचून हसवलं ते चुकलंच. तुझा प्रश्न बरोबर आहे, म्हणून नीट सांगते. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम १९६२ साली आले, १९७२मध्ये त्यांत चार वाढले. त्या नियमांनीच पात्राच्या तोंडची बोली उच्चाराप्रमाणे लिहायला मोकळीक दिली आहे. म्हणजे तुझं विवेचन प्रमाण मराठीत कर आणि बाबांचं बोलणं अवतरणात जसंच्या तसं ठेव. बाबा म्हणाले, 'बोंड फोडून पाह्य, मंग समजन.' यात एकही गोल करता येत नाही. 'बाबा म्हणाले की फोडून पाहिल्यास समजेल' असं लिहिलंस तर मात्र बाबा हरवले.

तूर-पऱ्हाटी

कृषी पदविका करून शेती करतो. तुम्हा दोघांच्या भांडणात एक चूक राहून गेली. माझ्या लेखी ती सगळ्यात मोठी. माहिती न तपासता लिहिणं.

भाचीचा निबंध वाचला. अक्षर सुंदर, ह्रस्व-दीर्घ बिनचूक, मुद्दाही ठरलेला. वाक्य होतं, 'बीटी कापसावर कोणतीही कीड येत नाही.' शिक्षकांनी बरोबरची खूण केली होती! बीटीला आपल्याकडे २००२ साली परवानगी मिळाली ती बोंडअळ्यांसाठी. मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांच्यावर त्याचा काही उपयोग नाही. २००६मध्ये दोन जनुकांचं बियाणं आलं, गुलाबी बोंडअळी त्यालाही सरावली, आणि २०१७ साली विदर्भात तिनं कापसाचं केवढं नुकसान केलं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. त्याच साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. भाचीच्या वर्गातल्या तीन निबंधांत मृतांचे तीन वेगळे आकडे आहेत आणि एकाखालीही तो कुठून घेतला ते नाही. व्हॉट्सॲपवर आलेलं तसंच उतरवलं. आपल्याच जिल्ह्यात गेलेल्या माणसांचा आकडा असा अंदाजे लिहू नये. कोणत्या वर्तमानपत्रात, कोणत्या तारखेला, की कोणत्या अहवालात, एवढी एक ओळ जोडायची सवय पहिल्या वर्षापासून लावा.

सरांच्या त्या विद्यार्थ्यानं मात्र स्रोत दिलाय. वावर आमचं, वेळ पोळ्यानंतरची, दाखवलं बाबांनी.

पूर्णाकाठ

मी तासिकावाले सरांच्या बाजूचा, आणि आणखी पुढे जातो. निबंधच वऱ्हाडीत का लिहू नये? अमरावतीच्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे ते गाडगेबाबा वऱ्हाडीतच कीर्तन करत. लोकांना प्रश्न विचारत आणि त्यांच्याच तोंडून उत्तर काढून घेत. त्यांचा मुद्दा कधी अडला का भाषेवाचून? आपल्या बोलीला पेपरात जागा नाही असं सांगत राहिलो तर मुलं छापील वाक्यांच्याच मागे लपणार. त्या आठवीतल्या मुलाचं तेच झालं.

काळी माती

भाऊ, कीर्तनात माणूस समोर बसलेला असतो. कळलं नाही तर चेहऱ्यावर दिसतं, बाबा पुन्हा विचारत. पेपर जातो तो कोल्हापूरच्या किंवा रत्नागिरीच्या माणसाच्या हातात, आणि तो आपल्याला विचारू शकत नाही. त्याला 'डोमकळी' कळत नसेल तर पहिल्यांदा वापरताना एका वाक्यात सांगायला हवं, की अळी आत शिरल्यानं जे फूल नीट उमलत नाही, पाकळ्या गुंडाळून गुलाबासारखं राहतं, ती डोमकळी. शब्द आपलाच ठेवायचा, वाचणाऱ्यालाही सोबत घ्यायचं. बोलीतल्या स्वतंत्र लेखनाला माझा विरोध नाही, ते जरूर व्हावं. परीक्षेच्या निबंधात मुलांवर तो प्रयोग नको, कारण गुण त्यांचे जातात, आपले नाही.

पूर्णाकाठ

गुण जातात हे मान्य. परीक्षकांनी बदलावं हे माझं म्हणणं तरी कायम आहे.

तासिकावाला

सगळं वाचलं, दोनदा. गुण न कापण्याबद्दल मॅडमचं मला अर्धंच पटलं. पहिल्या मसुद्यावर मी अजूनही कापणार नाही. पण मसुदा परत देईन, आणि दुसऱ्यांदा आलेल्या कागदावर शुद्धलेखन मोजेन. आजवर एकदाच लिहून घेत होतो, तपासत होतो, गठ्ठा बांधून ठेवत होतो. दोनदा लिहून घेतलं तर मुद्दा आधी आणि वेलांटी नंतर, असा क्रम लावता येईल. तासिकेच्या मानधनात दोनदा तपासणं जड आहे, तरी एका वर्गापुरतं करून पाहतो. तूर-पऱ्हाटी, आकड्याखाली एक ओळ स्रोताची हे या खेपेपासूनच.

काळी माती

चालेल. पण त्या मुलाची असाइनमेंट परत दिली का?

तासिकावाला

नाही, अजून माझ्याच पिशवीत आहे. पाच गोल आता खोडता येत नाहीत. त्या दोन ओळींच्या बाजूला समासात लिहिलंय, 'निबंध इथून सुरू कर. बोंड फोडल्यावर बाबा काय म्हणाले?' सोमवारी देतो.